निलमच्या मशीनवर चालतंय

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावापासून जरा आत, माळावर, राठोडांचा तांडा आहे. नांदेडला कॉम्प्युटर इंजिनीअर होऊन पुण्याला नोकरीला लागलेली या तांड्यातली पहिली मुलगी म्हणजे निलम. हा ‘पहिली’ शब्द तिला शाळेपासूनच चिकटला होता, आणि त्याचं ओझं काय असतं ते तिचं तिलाच ठाऊक. पहिलीनं नापास व्हायचं नसतं, पहिलीनं नोकरी सोडायची नसते, कारण तिच्या मागच्या पोरींचे बाप तिच्याकडे बघत असतात.

पुण्यातली तिची कंपनी लहानशी. जनावरांच्या डॉक्टरांसाठी ते सॉफ्टवेअर बनवत होते. गाय आजारी पडली की शेतकऱ्यानं नोंद करायची, जवळचा डॉक्टर कोण ते लगेच कळायचं, आणि कुठल्या जनावराला पुढची लस कधी द्यायची याची आठवण आपोआप फोनवर जायची. निलमला हे काम मनापासून आवडायचं. तिच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलेलं. घरात अजूनही माणसाआधी जनावराची तब्येत विचारायची रीत होती. ऑफिसातल्या लोकांना गोऱ्हा आणि वळू यातला फरक समजावून सांगताना तिला हसू यायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली, आरोही. नवरा ओमप्रकाश संभाजीनगरला कारखान्यात पाळीवर, त्यामुळे तिथं लेकराकडे बघायला कुणी नव्हतं. इथं आई होती. टीमची प्रमुख करुणा फोनवर म्हणाली, “बाळ वर्षाचं होईपर्यंत तिकडूनच काम कर. काही घाई नाही.” सगळं कसं मनासारखं जुळून आलं होतं. रजा संपली त्या सोमवारी निलमनं आरोहीला न्हाऊ-माखू घालून आईच्या मांडीवर दिलं, ओसरीवरच्या लोखंडी पलंगावर लॅपटॉप उघडला, आणि तिथून सगळं बिघडायला लागलं.

ती रजेवर असताना प्रोजेक्टची मांडामांड बदलली होती. आधी प्रत्येकजण आपापल्या मशीनवर लागणारे प्रोग्राम हातानं बसवायचा. कुणाकडे डेटाबेस जुना, कुणाकडे नवा. मग एकाकडे चालणारं दुसऱ्याकडे मोडायचं, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. टीममधल्या रुद्रनं त्यावर उपाय काढला होता. त्यानं सगळा प्रोजेक्ट कंटेनरमध्ये घातला. कंटेनर म्हणजे बंद डबाच म्हणा; प्रोग्राम, त्याची नेमकी आवृत्ती, त्याला लागणारं सगळं किडूकमिडूक आत भरलेलं. डबा कुणाच्याही मशीनवर उघडा, आतला माल तोच. कोणकोणते डबे सुरू करायचे आणि त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं. एक कमांड द्यायची की अख्खा प्रोजेक्ट आपल्या मशीनवर उभा.

कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की ती रुद्रच्या नव्याकोऱ्या, दणकट मशीनवर लिहिली गेली होती. त्याच्या फाइलमध्ये डेटाबेस होता, नकाशा दाखवणारा प्रोग्राम होता, शोधायचा वेगळा, रिपोर्ट छापायचा वेगळा, ईमेल तपासायचा वेगळा, आणि हे सगळे एकदम उठायचे. निलमकडे कंपनीनं पूर्वी दिलेला जुना लॅपटॉप होता, त्याच्या निम्म्याहून कमी मेमरीचा.

तिनं कमांड दिली. आधी तर डबे उतरवून घ्यायचे होते, आणि तांड्यावर रेंज धडपणे यायची ती फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. फोन तिथं विटेवर ठेवून, त्याचं इंटरनेट खाली ओढून तिनं काही डबे उतरवले, काही अर्ध्यात तुटले. जेवढे आले तेवढे सुरू केले. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. मग माऊसचा बाण थांबला. मग स्क्रीनच गोठली.

“का गं, गिरणी लावली का काय?” भिकाबाईंनी आतून विचारलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, निलमही म्हणायची.

“काही न्हाई याडी. सुरू होऊन राहिलंय.”

सुरू झालं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बटण दाबून लॅपटॉप बंद करायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. दरम्यान रोज सकाळी टीमची मीटिंग व्हायची आणि प्रत्येकजण आपण काय केलं ते सांगायचा. निलम सांगायची, “वाचतेय. नवीन रचना समजून घेतेय.” हे किती दिवस खपणार?

मग तिनं एक पळवाट काढली. प्रोजेक्ट न चालवताच, नुसता कोड वाचून, ती छोटे छोटे बदल करून पाठवायला लागली. इथला शब्द सुधार, तिथली ओळ हलव. डोळ्यांनी बघून बरोबर वाटलं की पाठव. पोहता येणाऱ्या माणसानं काठावर बसून हातवारे करावेत तसं तिचं तिलाच वाटायचं. आणि एक दिवस व्हायचं ते झालं. तिनं हलवलेल्या एका ओळीमुळं लसीच्या आठवणीचं पानच उघडेना. चाचणीतच सापडलं म्हणून बाहेर कुणाला कळलं नाही. रुद्रनं फोन केला. तो चिडलेला नव्हता.

“निलम, तो बदल मी मागे घेतलाय. होतं कधी कधी. तू चालवून बघितलं होतंस ना?”

“हो,” निलम म्हणाली.

तिनं फोन ठेवला. कामात चुका तिच्या पूर्वीही झाल्या होत्या. खोटं ती कधी बोलली नव्हती. बाळंतपणानंतर हिला काम जमेना, असं पुण्यात बोलत असतील का? बोलत नसतील तर लवकरच बोलतील. तिला जेवण जाईना. आरोही रडली की तिला वाटायचं, माझ्यामुळंच रडून राहिली. ती लॅपटॉप उघडायचं टाळायला लागली.

ओमप्रकाश फोनवर भल्या मनानं म्हणाला, “एवढी तकलीफ होत असेल तर सोड ना. दोन वर्षं लेकराकडे बघ. नोकऱ्या काय, मिळतात पुन्हा.” त्याचं म्हणणं मायेचं होतं, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. दुपारी तिनं राजीनाम्याचा मेल लिहायला घेतला. दोन ओळी लिहून झाल्या आणि पुढचं वाक्य सुचेना, तशी ती लॅपटॉप तसाच ठेवून चुलीपाशी जाऊन बसली.

भिकाबाई हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. पोरीचा चेहरा त्यांनी आल्याबरोबर वाचला, पण लगेच विचारलं नाही. निवडलेली भाजी टोपल्यात टाकून झाल्यावर म्हणाल्या, “काय झालंय ते सांगशील का आता?”

निलमनं सांगितलं. मशीन, डबे, गोठणारी स्क्रीन, खोटं बोललेलं, सगळं. भिकाबाईंना त्यातलं निम्मं कळलं नसावं. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली.

“तुला काम येत न्हाई म्हणून सोडून राहिलीस, का मशीन चालत न्हाई म्हणून?”

“मशीन चालत न्हाई म्हणून.”

“मंग हे तुझ्या पुण्याच्या त्या बाईला सांगितलंस का?”

“न्हाई.”

“काहून?”

या ‘काहून’चं उत्तर निलमला ठाऊक होतं, पण ते चुलीपुढं बसून बोलण्यासारखं नव्हतं. पहिलीनं अडायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं होतं? आईनं तर नाही. ती तिथंच बसून थोडी रडली. भिकाबाईंनी तिला रडू दिलं, मग म्हणाल्या, “जा, फोन कर. लेकरू हाय माझ्यापाशी.”

गच्चीच्या त्या कोपऱ्यात, विटेशेजारी उभं राहून निलमनं करुणाला फोन लावला. काय काय बोलायचं ते तिनं मनात नीट रचलं होतं. पण करुणाचा आवाज आल्यावर सगळं उलटसुलट बाहेर पडलं. “मॅडम, माझ्याकडे प्रोजेक्ट एकदाही चाललेला नाही. आल्यापासून एकदाही नाही. मी रुद्रला खोटं सांगितलं. मी न चालवताच कोड पाठवत होते.”

 

करुणानं मोठा सुस्कारा सोडला. “निलम, माझ्याकडे पण रिपोर्ट छापायचं चालत नाही गं. कितीतरी दिवस झाले. मला वाटत होतं, मी आता कोड लिहीत नाही, मीटिंगाच घेते, म्हणून माझंच काहीतरी चुकत असेल. रुद्रला विचारायची लाज वाटत होती.”

 दोघीही हसायला लागल्या. खाली अंगणात भिकाबाईंनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा आरोहीला थोपटायला लागल्या.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये करुणानं कुणाचंही नाव न घेता सरळ विचारलं, “कंटेनर कुणाकुणाकडे पूर्ण चालतात? माझ्याकडे नाही चालत.”  पहिल्यांदा निलम म्हणाली, “माझ्याकडे पण नाही.” मग टीममधली पुजा म्हणाली, तिच्याकडे चालतात, पण ब्राउझर बंद ठेवावा लागतो. आणखी एकानं कबूल केलं की तो अजून जुन्याच पद्धतीनं, हातानं बसवलेल्या प्रोग्रामवर काम करतोय.

 रुद्रचा पडलेला चेहरा स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता. निलमला त्याचं वाईट वाटलं. आपण त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवलं असं तिला झालं. पण तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता.

“मला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, लोकांना हे आवडलेलंच नाही, म्हणून कुणी काही विचारत नाही. मी तर हे काढून टाकू का, असं विचारणार होतो.”

“काढायचं नाही,” करुणा म्हणाली. “सगळ्यांना बसेल असं करायचं. निलम, तू आणि रुद्र मिळून करा. तुझ्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं, असं धरून चाला.”

ज्या लॅपटॉपची तिला लाज वाटत होती, तोच आता कामाचा मापदंड झाला. निलमनं राजीनाम्याच्या त्या दोन ओळी पुसून टाकल्या.

पुढचे काही दिवस ती आणि रुद्र फोनवर बसून होते. रुद्र फाइल दाखवायचा, निलम विचारायची, “हे मला रोज कशाला लागतं?” बहुतेक वेळा रुद्र म्हणायचा, “खरं तर नाही लागत.” मग त्यांनी वाटणी केली. डेटाबेस आणि मुख्य प्रोग्राम, हे एवढेच नेहमी उठणार. नकाशा, रिपोर्ट, ईमेल, शोध, हे ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्यानं नाव घेऊन उठवायचे, काम झालं की निजवायचे.

दुसरी गोष्ट निलमला कंटेनर चालवणाऱ्या टूलची माहिती वाचताना सापडली. सगळ्यांच्या सामायिक फाइलला हात न लावता, तिच्या शेजारी आपली स्वतःची एक छोटी फाइल ठेवता येते. प्रोजेक्ट सुरू होताना आधी सामायिक फाइल वाचली जाते, मग आपली. आणि जिथं दोन्हींत फरक असेल तिथं आपली चालते. म्हणजे कुणाकडे मेमरी कमी असेल तर त्यानं आपल्या फाइलमध्ये डेटाबेसला आवर घालावा. कुणाला जास्त तपशील हवा असेल तर त्यानं तो आपल्यापुरता मागावा. मूळ सगळ्यांचं एकच राहिलं, आणि तरी प्रत्येकाला आपल्या घरासारखं ते लावता आलं.

“हे मला ठाऊक होतं,” रुद्र म्हणाला. “पण माझ्या मशीनवर कधी गरजच पडली नाही, म्हणून डोक्यात आलं नाही.”

राहिला प्रश्न डबे उतरवण्याचा. रुद्रनं त्यांची शक्य तेवढी काटछाट केली होती. तरी गच्चीवरच्या रेंजनं ते पुरे आले नसते. निलमला हरिचंद आठवला. आखाडा बाळापूरचा हरिचंद तिच्याबरोबर नांदेडला शिकायला होता. आता हिंगोलीत बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं केबलचं चांगलं इंटरनेट होतं. तिनं फोन केला. तो म्हणाला, “ये की. दुकान तुझंच समज.”

तिचा थोरला भाऊ सुदाम गोरेगाव-हिंगोली जीप चालवायचा. सकाळच्या फेरीला निलम आरोहीला घेऊन पुढच्या सीटवर बसली, भिकाबाई शेजारी, लॅपटॉपची बॅग पायाशी. मागं माणसं दाटीवाटीनं. त्यात तिकडच्याच पुसेगावची एक म्हातारी शेळीचं करडू मांडीवर घेऊन बसलेली होती. तिनं विचारलं, “लेकराला दवाखान्यात न्यून राहिलीस का, बाई?”

“न्हाई मावशी,” सुदामच गाडी चालवता चालवता म्हणाला. “बहिणीच्या मशीनीला न्यायलो.”

हरिचंदच्या दुकानात भिकाबाई आरोहीला घेऊन पंख्याखाली बसल्या. लॅपटॉपला केबल जोडली, कमांड दिली, आणि तांड्यावर तासन्‌तास रखडणारे आकडे डोळ्यांदेखत पळायला लागले. चहा येईस्तोवर डबे उतरून झाले होते. हरिचंदनं ते सगळे एका पेनड्राइव्हवरही भरून दिले. “लॅपटॉप बिघडला तर पुन्हा यायला नको,” तो म्हणाला.

“इथंच लावून बघायचं का?” त्यानं विचारलं. पण सुदामची जीप भरली होती आणि तो बाहेरून हॉर्न वाजवत होता. मग राहिलं.

घरी आल्यावर जेवण झालं, आरोही झोपली. दुपारची लाइट होती. निलमनं पलंगावर बसून कमांड दिली आणि हात मांडीवर ठेवले. पंखा फिरला, पण घरघरला नाही. पहिला डबा उठला. दुसरा उठायला गेला आणि लाल अक्षरात चूक आली.

 तिनं ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग कपाळावर हात मारला. डेटाबेसला बोलायला जो दरवाजा, म्हणजे पोर्ट, हवा होता, तो आधीच कुणीतरी अडवून बसलं होतं. कोण, तर तिनंच रजेआधी, जुन्या पद्धतीनं, हातानं बसवलेला जुना डेटाबेस. लॅपटॉप लावला की तो आपसूक उठायचा आणि त्या जागेवर जाऊन बसायचा. इतके दिवस स्क्रीनच गोठत होती, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. जुना डेटाबेस काढून टाकायची तिची हिंमत नव्हती, त्यात तिचं काही काम होतं. तिनं आपल्या छोट्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: माझ्याकडे दरवाजाचा नंबर दुसरा. पुन्हा कमांड दिली.

पहिला उठला. दुसरा उठला. तिनं ब्राउझर उघडला.

लॉगिनचं पान आलं. तेच साधं निळं पान, डाव्या कोपऱ्यात गायीचं चित्र, जे तिनं पुण्यात शेकडो वेळा बघितलं होतं आणि कधी बघितलंय असंही वाटलं नव्हतं. ती आत गेली. लसीच्या आठवणीचं पान उघडलं. यादी आली. माऊस हलत होता. लॅपटॉप श्वास घेत होता, असं म्हणा ना. इतके दिवस छातीवर कुणी गुडघा रोवून बसलं होतं आणि आता ते उठलं, असं तिला झालं. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो हसण्याचा होता का रडण्याचा, तिलाही कळलं नाही.

“याडी!” तिनं हाक मारली. “चालून राहिलंय!”

भिकाबाई पदराला हात पुसत आल्या. स्क्रीनकडे बघितलं. “हीच ती गाय का?”

“हीच.”

“शिंगं उलटी काढलीत,” भिकाबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवून परत गेल्या.

निलमनं आधी रुद्रला फोन लावला. “चालतंय,” ती म्हणाली, आणि मग थांबून, “त्या दिवशी मी खोटं बोलले होते. चालवून बघितलं नव्हतं.”

“माहितेय,” रुद्र म्हणाला. “करुणानं नाही सांगितलं. पण तो कोड चालवला असता तर तू तशी चूक केली नसतीस. तू असं काम करत नाहीस.” आणि लगेच विषय बदलून, “मेमरी किती खातंय? बघून सांग.”

एक गंमत मात्र व्हायची राहिली नाही. आनंदाच्या भरात निलमनं आपली छोटी फाइलही सामायिक कोडबरोबर पाठवून दिली. झालं, सगळ्यांच्या मशीनवर तिचा दरवाजा आणि तिचा आवर लागू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्रचं दणकट मशीन निलमच्या लॅपटॉपसारखं हळू चालायला लागलं आणि त्याला तासभर कारण सापडेना. सापडलं तेव्हा मीटिंगमध्ये सगळे पोट धरून हसले. “आता कळलं का तिकडं कसं असतं?” पुजा म्हणाली. मग ती फाइल सामायिक कोडमध्ये कधीच जाऊ नये अशी सोय निलमनं करून टाकली, आणि नव्या माणसासाठी फाइलचा एक कोरा नमुना, मराठीत समजावून, ठेवून दिला. मशीन लहान असेल तर काय करायचं, दरवाजा अडलेला असेल तर काय, रेंज नसेल तर डबे पेनड्राइव्हवरून कसे घ्यायचे. हे मराठीत लिहू का, असं तिनं विचारलं तेव्हा करुणा म्हणाली, “लिही ना. वाचणारे कोण, आपलेच ना?”

त्यानंतर महिन्याभरात टीममध्ये वाशिमचा एक नवा माणूस आला, तोही घरून काम करणारा, तोही जुन्या मशीनवाला. पूर्वी नव्या माणसाचा पहिला आठवडा नुसता बसवाबसवीत जायचा आणि तो बिचारा सगळ्यांना विचारून विचारून अर्धा व्हायचा. हा दुपारपर्यंत कामाला लागला. त्यानं निलमला एकच निरोप पाठवला: “तुमच्या नमुन्यातला दरवाजाचा भाग माझ्या कामी आला. मला वाटलं होतं माझंच काहीतरी चुकतंय.” निलमनं तो निरोप करुणाला पाठवला, आणि मग रुद्रला, आणि मग ओमप्रकाशलाही, ज्याला त्यातलं काही कळणार नव्हतं. त्यानं उत्तर दिलं, “म्हणजे सोडायची नाही ना? बरं झालं. मला तेव्हाही बराबर वाटत नव्हतं, पण तुझा आवाज ऐकवत नव्हता.”

लसीच्या आठवणीचं पान निलमनं पुन्हा हातात घेतलं. या वेळी चालवून, मोडून, पुन्हा जोडून. एकाच जनावराची आठवण दोनदा जात होती, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं आणि तिनं ते काढलं. काम पाठवलं. रुद्रनं बघून मान्य केलं, एका शब्दानं.

आतून ठेच्याचा वास आला. आरोही जागी होऊन आपल्याच मुठीशी बोलत होती. भिकाबाईंनी विचारलं, “जेवतीस का आता, का तुझं चालूच हाय?”

“जेवते,” निलम म्हणाली. तिनं डबे निजवले, लॅपटॉप मिटला, लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि ज्वारीची गरम भाकरी मोडायला चुलीपाशी जाऊन बसली.